शिक्का, मोर्तब आणि जबाबदारी
(कॅन्सस सिटी येथील टांगत्या पुलांची दुर्घटना व तीतून उद्भवलेला व्यावसायिक गैरवर्तनाचा खटला)

१

व्यवसायाचे नियमन करणाऱ्या कायद्यांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा कायद्याची कलमे, ती संमत झाल्याच्या तारखा आणि त्यांमागील चळवळी यांचा विचार करतो. परंतु अशा कायद्यांतील ‘हलगर्जी’, ‘गैरवर्तन’, ‘व्यवसायास न शोभणारे वर्तन’ या शब्दांना निश्चित अर्थ कसा प्राप्त होतो, या प्रश्नाकडे सहसा लक्ष दिले जात नाही. कायदा करणारे हे शब्द लिहून मोकळे होतात. त्यांचा अर्थ ठरविण्याची वेळ येते ती बहुतेक वेळा एखाद्या अनर्थानंतर. अमेरिकेतील मिझुरी राज्यात १९८४ ते १९८८ या काळात चाललेले एक प्रकरण या दृष्टीने फार उद्‌बोधक आहे. ते संरचना-अभियंत्यांच्या वर्तनाविषयीचे असल्यामुळे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने त्यात पडावयाचे कारण काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या प्रकरणातील वादाचे मूळ एका रेखाचित्राच्या वाचनात होते, आणि त्याचा निकाल काही थोड्या शब्दांच्या अर्थावर अवलंबून होता.

२

प्रथम घटनेची हकीकत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. मिझुरी राज्यातील कॅन्सस सिटी या शहरी चाळीस मजल्यांचे ‘हायॅट रीजन्सी’ हे हॉटेल जुलै १९८० मध्ये सुरू झाले. त्याच्या दर्शनी भागात अनेक मजल्यांइतके उंच असे एक प्रशस्त सभागृह होते. या सभागृहाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे जाण्यासाठी दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या पातळीवर तीन पूल बांधले होते. हे पूल खालून खांबांवर उभे नव्हते. छतापासून सोडलेल्या पोलादी गजांना ते टांगलेले होते. प्रत्येक पुलाची लांबी सुमारे १२० फूट होती. तिसऱ्या मजल्याचा पूल बाजूला स्वतंत्रपणे टांगला होता, आणि दुसऱ्या मजल्याचा पूल चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली होता.

१७ जुलै १९८१ रोजी, शुक्रवारी सायंकाळी, या सभागृहात नृत्याचा कार्यक्रम चालू होता. सुमारे दीड हजार लोक जमले होते. त्यांपैकी साठच्या आसपास माणसे पुलांवर उभी राहून खालची मौज पाहत होती. सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास चौथ्या मजल्याचा पूल आपल्या आधारांपासून सुटला आणि खालच्या पुलासह जमिनीवर कोसळला. ११४ माणसे मृत्यू पावली व सुमारे दोनशे जखमी झाली. बळी पडलेल्यांपैकी बरेच जण पुलांवर नव्हतेच. ते खाली नाचत होते किंवा नाचणाऱ्यांकडे पाहत होते.

३

दुर्घटनेचे यांत्रिक कारण आश्चर्य वाटावे इतके साधे होते. कॅन्सस सिटीच्या एका वृत्तपत्राने नेमलेल्या अभियंत्याने अवघ्या काही दिवसांत ते ओळखले, आणि तेथील ‘स्टार’ व ‘टाइम्स’ या पत्रांना त्या वृत्तांकनाबद्दल १९८२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अहवालात प्रत्यक्ष प्रयोगांच्या आधारे त्यास दुजोरा दिला.

मूळ आराखड्यात अशी योजना होती की, छतापासून निघालेला एकच अखंड गज चौथ्या मजल्याच्या पुलाच्या आडव्या तुळईतून आरपार जाऊन दुसऱ्या मजल्याच्या पुलाच्या तुळईपर्यंत पोचावा, आणि प्रत्येक तुळईच्या खाली गजावर एकेक नट बसवून तुळईला आधार द्यावा. असे सहा गज होते. प्रत्येकाचा व्यास सव्वा इंच. परंतु या योजनेत अडचण होती. चौथ्या मजल्यावरचा नट योग्य जागी चढवावयाचा तर गजाच्या फार मोठ्या लांबीवर आटे पाडावे लागले असते, आणि तुळया चढविताना ते आटे शाबूत राखणे सोपे नव्हते. म्हणून पोलादाचे काम करणाऱ्या कारखान्याने एका गजाच्या ठिकाणी दोन गज योजिले. एक छतापासून चौथ्या मजल्याच्या तुळईपर्यंत. दुसरा त्याच तुळईपासून, चार इंच अंतरावर पाडलेल्या दुसऱ्या छिद्रातून, दुसऱ्या मजल्याच्या तुळईपर्यंत.

या बदलाचा परिणाम ध्यानात यावा म्हणून घरगुती उदाहरण घेऊ. विहिरीत सोडलेल्या एकाच दोराला वरखाली दोन घागरी निरनिराळ्या गाठींनी बांधल्या, तर दोराला दोन्ही घागरींचा भार होतो, परंतु प्रत्येक गाठीला एकाच घागरीचा. आता खालच्या घागरीचा दोर वरच्या घागरीच्या कानाला बांधला, तर दोरावरचा एकंदर भार तेवढाच राहतो; पण वरच्या गाठीला आता दोन्ही घागरी तोलाव्या लागतात. चौथ्या मजल्याच्या तुळईखालच्या नटाचे नेमके हेच झाले. त्याच्यावरचा भार दुप्पट झाला.

तुळईही मजबूत नव्हती. दोन पोलादी चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्डिंगने जोडल्यामुळे ती आतून पोकळ अशी पेटीवजा झाली होती, आणि गजाची छिद्रे त्या जोडाच्या रेषेवरच पाडलेली होती. भार येताच तुळईचा खालचा पत्रा वाकला, छिद्र फाकले, आणि नट तुळईतून वर निघून आला. मानक संस्थेच्या हिशेबाप्रमाणे शहराच्या बांधकाम-नियमांनुसार या सांध्याची जी शक्ती असावयास हवी होती तिच्या तीस टक्क्यांच्या आसपासच शक्ती प्रत्यक्ष सांध्यात होती. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, मूळची एका गजाची योजना जशीच्या तशी अमलात आणली असती तरीही ती शक्ती सुमारे साठ टक्केच भरली असती. याचा अर्थ बदल होण्यापूर्वीही त्या सांध्याचे गणित कोणी केलेले नव्हते.

४

गणित कोणी केले नाही, एवढे म्हणून इतिहासकाराचे काम संपत नाही. ते कोणी करावयाचे होते हा पुढचा प्रश्न. आणि येथून हे प्रकरण भाषेच्या क्षेत्रात शिरते.

संरचनेचा आराखडा जी.सी.ई. या अभियंत्यांच्या संस्थेने केला होता. तीत जॅक गिलम हे प्रमुख होते, आणि आराखड्यांवर त्यांचा शिक्का होता. या कामाचे प्रत्यक्ष प्रभारी अभियंता डॅनिएल डंकन होते. संस्थेच्या रेखाचित्रांत तुळई व गज यांचा सांधा दाखविलेला होता, परंतु त्यावर किती भार येईल हे लिहिलेले नव्हते. अभियंत्यांचे पुढे असे म्हणणे पडले की, पोलादी सांध्यांचा तपशील कारखान्याने ठरवावा अशी त्या भागात रूढी आहे. आम्ही रेखाटला तो केवळ कल्पना देण्यासाठी. उलट कारखान्याने त्या रेखाचित्राचा अर्थ असा घेतला की, सांधा आधीच ठरला असून आपण तो फक्त घडवावयाचा आहे.

एकच चित्र दोघांनी दोन प्रकारे वाचले. चित्राला क्रियापद नसते. ‘असा सांधा करा’ आणि ‘असा एखादा सांधा तुम्ही ठरवा’ या दोन वाक्यांतील भेद रेषांनी दाखविता येत नाही. तो दाखविण्यासाठी शेजारी शब्द वा आकडा लिहावा लागतो, आणि येथे तोच लिहिला गेला नव्हता.

दोन गजांचा बदल दाखविणारी कारखान्याची कामाची रेखाचित्रे फेब्रुवारी १९७९ मध्ये अभियंत्यांच्या कचेरीत आली आणि तपासणीचा शिक्का बसून परत गेली. आपण दूरध्वनीवरून हा बदल कळविला होता व त्यास संमती मिळाली होती, असे कारखान्याचे म्हणणे. असा दूरध्वनी आलाच नाही, असे अभियंत्यांचे. अभियंत्यांच्या कचेरीतील तंत्रज्ञाने या सांध्याविषयी डंकन यांना प्रश्न विचारला होता, आणि त्याचे समाधान करण्यात आले. वास्तुविशारदांनीही या सांध्याविषयी विचारणा केली. त्यांनाही तो ठीक असल्याची ग्वाही मिळाली. प्रश्न विचारले गेले आणि उत्तरेही दिली गेली. परंतु उत्तरामागे जे गणित असावयास पाहिजे ते नव्हते.

यात आणखी एका घटनेची भर पडते. १४ ऑक्टोबर १९७९ रोजी, बांधकाम चालू असतानाच, याच सभागृहाच्या छताचा काही भाग कोसळला होता. त्या वेळी कोणास इजा झाली नाही. या अपघातानंतर अभियंत्यांनी मालकांना व वास्तुविशारदांना सभागृहातील पोलादी सांध्यांची फेरतपासणी करण्याचे आश्वासन दिले. ती फेरतपासणी खरोखर झाली असती तर टांगत्या पुलांच्या सांध्यांतील दोष दिसून आला असता. पुलांवर पहिले पाऊल पडण्यापूर्वी अनेक महिने ही संधी समोर आली होती.

५

दुर्घटनेनंतर भरपाईचे दिवाणी दावे झाले व तडजोडीने मोठ्या रकमा दिल्या गेल्या. फौजदारी चौकशीत मात्र गुन्हा शाबीत होईल असा पुरावा नाही, असे १९८३ मध्ये ठरले. तेव्हा एकच मार्ग उरला : परवाना देणाऱ्या मंडळाने परवानाधारकाला जाब विचारणे. मिझुरीच्या वास्तुविशारद, अभियंते व भूमापक यांच्या मंडळाने फेब्रुवारी १९८४ मध्ये डंकन, गिलम व त्यांची संस्था यांविरुद्ध तक्रार दाखल केली. राज्याच्या प्रशासकीय सुनावणी आयोगापुढे न्यायाधीश जेम्स डॉइच यांनी तिची सुनावणी केली. नोव्हेंबर १९८५ मध्ये दिलेला त्यांचा निर्णय चारशेहून अधिक पृष्ठांचा आहे.

या निर्णयात, व पुढे १९८८ मध्ये मिझुरीच्या अपील न्यायालयाने तो कायम केला त्या निकालपत्रात, तीन शब्दप्रयोगांचे अर्थ निश्चित करण्यात आले.

पहिला ‘घोर हलगर्जी’. अभियंत्यांचा बचाव असा की, चूक झाली असेल, पण चूक म्हणजे घोर हलगर्जी नव्हे. हा युक्तिवाद सर्वस्वी टाकाऊ नव्हता; गणितातली एखादी चूक कोणाही प्रामाणिक माणसाच्या हातून घडू शकते. आयोगाने म्हणून ‘घोर’ या विशेषणाचा अर्थ चुकीच्या आकारावरून न ठरविता कर्त्याच्या वृत्तीवरून ठरविला. व्यावसायिक कर्तव्याविषयी जाणती बेपर्वाई दर्शविणारे कृत्य वा वर्तनक्रम, असा त्याचा आशय होय. न्यायालयाने यापुढे जाऊन असे प्रतिपादन केले की, संरचना-अभियंत्याचे कर्तव्यच लोकांच्या सुरक्षिततेची खात्री करणे हे असल्यामुळे, त्या कर्तव्याविषयी बेपर्वा असणे म्हणजे होणाऱ्या हानीविषयी बेपर्वा असणे होय. ‘मला हानी नको होती’ एवढे म्हणून त्याची सुटका होत नाही.

दुसरा ‘गैरवर्तन’. यास चुकीच्या हेतूने बुद्धिपुरस्सर केलेले कृत्य असा कडक अर्थ दिला गेला. सांधा ठीक आहे अशी ग्वाही तपासणी न करता देणे, आणि छत कोसळल्यानंतर दिलेले फेरतपासणीचे वचन न पाळणे, ही वर्तणूक या सदरात गेली. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, गैरवर्तनाचा ठपका येतो तो गणित न केल्याबद्दल नव्हे. न केलेले गणित केले असे भासविल्याबद्दल.

तिसरा ‘व्यवसायास न शोभणारे वर्तन’. गिलम यांनी, आपल्या शिक्क्याने गेलेल्या आराखड्याची जबाबदारी आपली नाही, अशी भूमिका घेतली होती. रूढीप्रमाणे ती कारखान्याची, आणि कचेरीत प्रत्यक्ष काम पाहणाऱ्याची. राज्याच्या कायद्यात शिक्का मारणारा अभियंता त्या आराखड्यास व्यक्तिशः जबाबदार राहील असे कलम होते. ती जबाबदारी रूढीच्या जोरावर दुसऱ्याकडे सोपविता येत नाही असे ठरले, आणि ती नाकारणे हेच गैर मानले गेले.

जानेवारी १९८६ मध्ये मंडळाने दोघांचेही परवाने रद्द केले, व संस्थेचा दाखलाही काढून घेतला. त्याच वर्षी अमेरिकन स्थापत्य-अभियंत्यांच्या संस्थेने आपल्या सभासदाच्या वर्तनाची स्वतंत्र चौकशी केली. तिने गिलम यांना घोर हलगर्जीच्या दोषातून मुक्त ठेवले, परंतु हाताखालच्याच्या कामाबद्दल ते उत्तरदायी ठरतात असे म्हणून तीन वर्षांसाठी त्यांचे सभासदत्व स्थगित केले. एकाच वर्तनाला शासनाने व व्यवसायबंधूंनी अशी दोन निरनिराळी नावे दिली. शासनाचा मापदंड कायद्याच्या शब्दांचा. व्यवसायबंधूंचा आपापल्या कचेऱ्यांतील नित्याच्या व्यवहाराचा. दुसरा मापदंड सौम्य असतो, कारण मोजणाऱ्याला मनातून ठाऊक असते की, न वाचता शिक्का मारण्याचा प्रसंग आपल्यावरही येऊन गेला आहे. व्यवसायाचे नियमन केवळ व्यवसायबंधूंच्या हाती का सोपवू नये, याचे उत्तर या भेदात सापडते.

६

आता आपल्या भाषेकडे वळू. मराठीत एखाद्या गोष्टीस अंतिम संमती देण्याला ‘शिक्कामोर्तब करणे’ असे म्हणतात. आज हा एकच शब्द झाला असला तरी मुळात ही दोन भिन्न चिन्हे होत. मराठेशाहीतील राजपत्रांवर शिक्का असे तो पत्राच्या प्रारंभी. त्याने पत्र कोणाच्या अधिकाराने निघाले हे कळे. मोर्तब असे ते शेवटी. पेशव्यांच्या मोर्तबात ‘लेखनसीमा’ हा शब्द आढळतो, आणि त्याचे प्रयोजनही तेच आहे : लिहिणे येथे संपले, यापुढे कोणी ओळ वाढविली तर ती आमची नव्हे. शिक्का अधिकार सांगतो, मोर्तब मर्यादा सांगते. लेखनाच्या व्यवहारात या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी निरनिराळ्या राखल्या होत्या.

कॅन्सस सिटीच्या रेखाचित्रांवर शिक्के पुष्कळ होते, मोर्तब नव्हते. मूळ चित्र नेमके कोठे संपते व कारखान्याची भर कोठे सुरू होते, हे सांगणारी सीमा कोणी आखली नाही. शिक्का मारणाऱ्याच्या मते त्याचा अर्थ ‘पाहिले’ एवढाच होता. ज्याच्या हाती ते चित्र परत गेले त्याला मात्र त्यात ‘तपासले आणि ठीक आहे’ असे वाचण्याचा अधिकार होता. चिन्हाचा अर्थ उमटविणाऱ्याच्या मनात काय होते यावरून ठरत नाही. व्यवहारात ते चिन्ह पाहून लोक काय करतात यावरून तो ठरतो. भाषाशास्त्रातील हे साधे तत्त्व आयोगाने, त्या शास्त्राचे नावही न घेता, न्यायाच्या आसनावरून सांगितले असे म्हणावयास हरकत नाही.

‘जबाबदारी’ या शब्दाचीही अशीच कथा आहे. फारसी ‘जवाब’ म्हणजे उत्तर; जबाबदार म्हणजे ज्याच्याकडे उत्तर मागता येते तो. या शब्दाचा वापर आपण ‘काम माझ्या जबाबदारीवर सोपविले’ असा करतो, आणि मूळ अर्थ विसरतो. काम दुसऱ्याकडे देता येते. उत्तर देणे दुसऱ्याकडे देता येत नाही. मिझुरीच्या कायद्यातील कलमाचे सार याहून वेगळे नाही. सरकारी मराठीत आपण कर्मणि प्रयोगाचा फार आश्रय करतो : ‘तपासणी करण्यात आली’, ‘मंजुरी देण्यात आली’. या वाक्यांत कर्ता नाही. व्याकरणदृष्ट्या ती निर्दोष आहेत. परंतु दुर्घटनेनंतर ‘कोणी केली?’ असे विचारले, तर वाक्याजवळ त्याचे उत्तर नसते. प्रस्तुत लेखातही काही ठिकाणी मी हाच प्रयोग केला आहे. चौथ्या परिच्छेदसमूहात ‘समाधान करण्यात आले’ असे लिहिताना कर्ता गाळण्याचा मोह किती सहज होतो याचा मला अनुभव आला, आणि तो मुद्दाम तसाच ठेवला आहे.

हा प्रश्न केवळ परदेशाचा आहे असेही नव्हे. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील हिमालय पादचारी पुलाचा भाग कोसळून सात माणसे मृत्युमुखी पडली. त्यापूर्वी त्या पुलाची संरचनात्मक तपासणी झालेली होती, व पुलाला किरकोळ दुरुस्तीची तेवढी गरज आहे असा शेरा तीत होता. दुर्घटनेनंतर तपासणी करणाऱ्यास अटक झाली, म्हणजे प्रकरण थेट फौजदारी मार्गाने गेले. वकिलांसाठी आपल्याकडे १९६१ चा कायदा आहे, वास्तुविशारदांसाठी १९७२ चा. त्यांत गैरवर्तनाची चौकशी करून नाव नोंदवहीतून काढून टाकण्याची तरतूद आहे. अभियंत्यांसाठी असा देशव्यापी कायदा त्या दिवशी अस्तित्वात नव्हता. परिणामी ‘अभियंत्याचे व्यावसायिक गैरवर्तन’ म्हणजे काय, हे चारशे पानांत तपासून सांगणारे व्यासपीठही नव्हते. तुरुंग आणि काहीच नाही, या दोन टोकांमधली जागा रिकामी होती. मिझुरीत १९८३ साली फौजदारी चौकशी निष्फळ ठरूनही सत्य बाहेर आले, ते ही मधली जागा भरलेली होती म्हणून.

७

गिलम यांनी उत्तरायुष्यात या दुर्घटनेविषयी अभियंत्यांच्या सभांतून बोलण्याचे, व आराखड्यावर शिक्का मारणाऱ्याच्या जबाबदारीविषयी लिहिण्याचे काम केले. ज्या उत्तराला त्यांनी खटल्यात नकार दिला होता, ते त्यांनी पुढे आपण होऊन दिले, असे यावरून म्हणता येईल. मृतांचे स्मारक कॅन्सस सिटीत उभे राहण्यास मात्र नोव्हेंबर २०१५ उजाडले. त्यावर ११४ नावे आहेत. त्या नावांपैकी कोणीही ते रेखाचित्र पाहिलेले नव्हते, आणि पाहिले असते तरी त्यांना ते वाचता आले नसते. ज्यांना ते वाचता येत होते अशांच्या भरवशावर ती माणसे त्या सायंकाळी तेथे आली होती. व्यावसायिकाच्या शिक्क्याचा अर्थ शोधावयाचा तर तो या भरवशात शोधला पाहिजे. कायद्याचे शब्द त्याची केवळ नोंद करतात.